उसने हात

"ते हात आधी पदराखाली घे," आत्याबाई म्हणाल्या. "आणि आज बाजारात यायचं न्हाई. सांगून ठेवते."

नागपंचमीच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. आम्ही कासार. माहेरी आलेल्या लेकी पंचमीला हिरव्या बांगड्या भरतात, त्यामुळं वर्षातला आमचा सगळ्यात मोठा बाजार तो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बांगड्या टोपलीत रचत होत्या. मी मुक्ताला मांडीवर घेऊन बसले होते. मुक्ता तेव्हा पावणेचार महिन्यांची. तिला उचलायचं तर मनगटांचा उपयोग नव्हता. दोन्ही कोपरं तिच्या बगलेत घालायची आणि फावड्यानं माती उचलावी तशी पोर उचलायची. बोटांची पेरं सुजून टम्म झाली होती आणि सकाळी तर मूठ अर्धीसुद्धा मिटत नव्हती.

"का न्हाई यायचं?" मी विचारलं.

"लोक बघतील."

"बघू देत की."

"सिंधे, तोंड आवर."

तोंड आवरणं मला जन्मात जमलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर एकदा आवरलं होतं. चांगलं सहा-सात महिने आवरलं होतं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली, पण आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या हाताचं गावभर नाव होतं. कासाराला हात म्हणजे सर्वस्व. बाईचा पंजा हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड आत दाबायचं, बोटांची चोच करायची आणि बांगडी अशी सरकवायची, की बाई शेजारणीशी बोलत असतानाच हात भरून व्हावा. भरताना काच गेली तर ते नुकसान कासाराचं, गिऱ्हाइकाचं नाही. आणि गेली तरी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. सवाष्णीच्या हाताशी वाईट शब्द नको म्हणून. माझ्या हातून महिना-महिना एक बांगडी वाढत नसे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बोटं धरायला लागली. आधी उजवा पंजा, मग डावा, मग दोन्ही मनगटं. साताऱ्याच्या अभ्यंकर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि संधिवात आहे म्हणाल्या. मी हसले. म्हटलं, "बाई, मी तेवीस वर्षांची हाय, म्हातारी न्हाई."

"हा म्हातारपणाचा नव्हे," त्या म्हणाल्या. "यात आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं."

त्यांच्या गोळ्यांनी सूज उतरली. पण मग घरात पाळण्याची भाषा सुरू झाली, आणि मलाही मूल हवंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यातली मोठी गोळी पोटातल्या बाळाला बाधते, दिवस राहायच्या आधी काही महिने ती बंद करावी लागेल. बंद केली. आणि सगळं जे उसळून आलं, की विचारू नका! वेणी घालायला दुसऱ्याला बोलवायची पाळी आली.

तेव्हा आत्याबाईंनी तेल काढलं. निर्गुंडीचा पाला, लसूण, तिळाचं तेल, लोखंडी कढईत मंद कढवलेलं. रोज दुपारी माझे हात मांडीवर घेऊन त्या तासभर चोळत. एरवी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी गोड शब्द म्हणून निघत नसे, पण चोळताना हात असा हळुवार, की माझी आई आठवे. त्यांनी जे केलं ते जीव लावून केलं, हे मी आजही सांगते.

त्यातच मला दिवस राहिले. चौथा महिना लागला असेल. एका सकाळी मी पाण्याचा तांब्या उचलून तोंड धुतलं आणि मग लक्षात आलं, की तो मी एका हातानं उचलला होता. तशीच उभी राहिले. मूठ मिटून बघितली. मिटली! उघडली, परत मिटली. अंगणातूनच ओरडले, "आत्याबाई!"

त्या धावत आल्या. माझी मूठ बघून रडल्याच. "माझ्या तेलाचा गुण गं बाई, माझ्या तेलाचा गुण!"

मलाही तसंच वाटलं. का नाही वाटणार? गोळी बंद होती, तेल चालू होतं.

तेव्हापासून आत्याबाई बाजारात बांगड्यांच्या शेजारी तेलाच्या बाटल्या मांडू लागल्या. पैसे घेत नव्हत्या हं. ज्या बाईचे हात दुखतात तिला नुसती बाटली द्यायच्या. आणि पुरावा म्हणून मी होतेच. "ही बघा माझी सून. हिची मूठ मिटत नव्हती. मीट गं." मी मिटायची. बाया तोंडाला पदर लावायच्या. "उघड गं." मी उघडायची.

पाचव्या महिन्यात साताऱ्याला तपासायला गेलो. आत्याबाई सोबत होत्या. डॉक्टरीणबाईंना त्यांनी मोठ्या झोकात माझे हात दाखवले आणि तेलाची बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला, चांगलं म्हणाल्या, आणि मग मला म्हणाल्या, "सिंधू, हे बाळामुळं झालंय."

"बाळामुळं? ते कसं?"

"आपल्या रक्तात शिपाई असतात असं समज. परकं काही अंगात शिरलं की त्याला हाणायचं, हे त्यांचं काम. तुझ्या शिपायांचा गैरसमज झालाय. ते तुझ्याच सांध्यांना परकं समजून झोडपतात. आता पोटातलं बाळ बघ. ते अर्धं तुझं, अर्धं तुझ्या नवऱ्याचं. म्हणजे शिपायांच्या हिशेबी अर्धं परकंच की. त्याला त्यांनी हाणू नये म्हणून शरीर या दिवसांत त्यांची रीत बदलतं. काहींना आवरतं, काहींना दुसऱ्या कामाला लावतं. झोपवत नाही बरं, तापाखोकल्याशी त्यांना लढायचं असतंच. पण बाळावरचा हात आवरला, तसा सांध्यांवरचाही आवरला गेला. सगळ्याच बायांचं असं होत नाही. तुझं झालं."

"म्हंजे बरी झाले का न्हाई मी?"

"बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत बहुतेक परत येईल. आलं की लगेच ये. दूध पाजत असताना चालतील अशा गोळ्या आहेत. उशीर केलास तर सांधे वाकडे होतात आणि मग ते सरळ करायला कुठलंच औषध नाही. ध्यानात ठेव."

परतीच्या एसटीत आत्याबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "शिपाई म्हणे! चार महिने चोळून चोळून माझी मनगटं गेली आणि गुण शिपायाचा! शिकलेल्या बायांचं हे असंच."

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. अर्ध्या परक्या जिवासाठी माझ्या अंगानं एवढी उठाठेव करावी, याचं मला नवल वाटत होतं. मी तर या घरात अख्खी परकी आले होते. माझ्यासाठी कुणी कुणाला आवरलं नव्हतं. आणि आता त्याच आत्याबाई चारचौघींत 'माझी सून, माझी सून' म्हणून मिरवत होत्या. मला ते गोड लागत होतं हो. म्हणून गप्प बसले.

संक्रांतीच्या बाजारात धनगरवाडीची शेवंताक्का आली. चाळिशीची, उंच, ठसठशीत बाई. वाडीवरून दुधाच्या दोन किटल्या घेऊन रोज चालत यायची. तिचा पंजा हातात घेतला आणि मला कळलं. पेरं गरम आणि दाबली की मऊ लागणारी. माझीही अशीच होती.

"दुखतंय न्हवं?" मी हळूच विचारलं.

"दोन वर्सं झाली. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या चालू हायत. त्यानं बरं हाय म्हणायचं. तुझं दुखणं गं कशानं गेलं?"

माझ्या आधी आत्याबाईच बोलल्या. तेलाची सगळी कथा सांगितली. "मीट गं," म्हणाल्या. मी मूठ मिटली, उघडली.

"आणि गोळ्या?" शेवंताक्कानं विचारलं.

"हिनं कवाच सोडल्यात," आत्याबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. सोडल्याच होत्या. पण पोरासाठी सोडल्या होत्या, डॉक्टरीणबाईंनी सोडायला लावल्या होत्या, आणि परत धराव्या लागणार होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन तिथं ठोंब्यासारखी बसून राहिले. शेवंताक्कानं बाटली कमरेला खोचली आणि गेली.

पुढं मी बाळंतपणाला माहेरी गेले. चैत्रात मुक्ता झाली. ज्येष्ठात परत आले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं सकाळी धरायला लागली होती. आषाढ निम्मा होईतो दोन्ही हात गेले. घरात मी एकदा नाही, तीनदा बोलले. "आत्याबाई, डॉक्टरीण म्हणाल्या तसंच झालं."

पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "माहेरी तेल लावलं नसशील." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "ओल्या अंगावर दही खाल्लंस." तिसऱ्यांदा माझी दृष्ट काढली. ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "आईशी कोण बोलणार?" पण एवढं केलं, की पंचमीच्या पंधरा दिवस आधी आईला न सांगता मला साताऱ्याला घेऊन गेले. गोळ्या चालू झाल्या. गुण यायला दीड-दोन महिने जातील असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

आणि पंचमीच्या दोन दिवस आधी धनगरवाडीहून दूध घेऊन शेवंताक्काची लेक आली. म्हटलं, "आई कुठाय?"

"आई उठत न्हाई," पोरगी म्हणाली. "गोळ्या सोडल्यापास्नं हळूहळू गेली बघा. उद्या येणाराय पण. तेल संपलंय. दोन बाटल्या ठेवा म्हणलीय."

त्या घटकेपासून मला घास गिळेना. म्हणून त्या सकाळी आत्याबाईंनी हात पदराखाली घे म्हटलं तेव्हा मी घेतले नाहीत.

"मी येणार," मी म्हणाले.

"पोरगी लहान हाय."

"पोरगी हे धरतील."

"आगं, माझी छी-थू होईल चारचौघींत! कोण इश्वास ठेवंल तेलावर?"

"कुणी ठेवूच नये, आत्याबाई."

त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडं न बघता गेल्या.

तासाभरानं मी बाजारात पोचले. मागं हे, मुक्ताला खांद्यावर टाकून. आमच्या कापडी पालापुढं बायांचा गराडा पडला होता. मी आत शिरले, आत्याबाईंशेजारी मांडी घातली आणि दोन्ही हात बांगड्यांच्या ढिगाशेजारी उघडे ठेवले. आत्याबाईंनी एकीचा हात भरता भरताच दात आवळून म्हटलं, "ऊठ."

"न्हाई उठत."

"घरी बघते तुला."

"बघा."

समोरच्या बायांनी माझे हात बघितले होते. कुजबुज सुरू झाली होती. एवढ्यात लेकीच्या खांद्यावर भार टाकून शेवंताक्का आली. मी ओळखलंच नाही आधी. जानेवारीत किटल्या घेऊन चालणारी बाई ती, आता पावलं उचलत नव्हती, ओढत होती. लेकीनं तिला धरून खाली बसवलं. बसताना तिनं ओठ चावला.

"मावशी," ती आत्याबाईंना म्हणाली, "दोन बाटल्या द्या. एकीनं भागंना." मग माझ्याकडं बघून हसली. "आणि सिंधू, बांगड्या तू भर. तुझा हात गुणाचा."

तिनं हात पुढं केला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाहेरच्या अंगाला वळायला लागलं होतं. माझ्या हातांकडं तिचं लक्षच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं संक्रांतीचेच हात होते.

मी तिचा पंजा घेतला. मोठ्यातली मोठी बांगडी निवडली. दाबायला गेले तर माझ्या अंगठ्यात जोर नाही आणि तिच्या हाडाला सोसत नाही. दोघींच्याही तोंडून एकदमच 'आई गं' निघालं. बांगडी पेरांवर अडली. मी रेटली. काच गेली आणि तिच्या मनगटावर बारीक ओरखडा उठला.

"वाढली गं बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"वाढली न्हाई," मी म्हणाले. "फुटली. माझ्या हातानं फुटली."

पंचमीच्या तोंडावर, भरल्या बाजारात, कासारणीनं असा शब्द काढावा! आत्याबाईंचा हात हवेतच थांबला.

मग मी हात वर केले. दोन्ही. सगळ्यांना दिसतील असे.

"बघा नीट. संक्रांतीला या हातांची मूठ मिटत होती. आज मिटत न्हाई. तेलानं मिटत होती असं तुम्हाला सांगितलं. मीही बसून ऐकलं. ते खोटं होतं. पोटात पोर होती म्हणून हात सुटले होते. पोटातल्या जिवाला इजा नको म्हणून बाईचं अंगच या रोगाला आवर घालतं. पोर बाहेर आली, रोग परत आला. डॉक्टरीणबाईंनी मला हे आधीच सांगितलं होतं. मला ठाऊक होतं आणि मी बोलले न्हाई."

"मग दुसरं होऊ दे की!" एक म्हातारी मागून खिदळली. "परत सुटतील हात!"

चार-सहा जणी हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आणि मग तिसरं? आणि मग चौथं? दर पंचमीला एक? पोर काय काढा हाय का, हात दुखले की घ्यायला? मला पोर हवी होती म्हणून झाली. परत हवी वाटली तर परत होईल. हातासाठी न्हाई व्हायची."

शेवंताक्का माझ्याकडं बघत होती. आता तिला माझे हात दिसले होते. बघता बघता तिचे डोळे भरले आणि चेहरा मात्र रागानं काळाठिक्कर पडला.

"तुझे हात बघून सोडल्या मी गोळ्या," ती म्हणाली. "सहा महिनं. सहा महिनं, सिंधू!"

"व्हय. माझे हात बघून सोडल्यास. आता माझेच हात बघून परत धर. उद्या न्हाई, आज. आमचे हे तुला साताऱ्याला नेतील. दुपारची एसटी हाय."

"आणि ही बोटं?"

खोटं बोलायचं त्या दिवशी माझ्याच्यानं शक्य नव्हतं. "ती वळलेली दोन सरळ व्हायची न्हाईत बहुतेक," मी म्हणाले. "बाकीची वाचतील."

ती लेकीच्या खांद्याला धरून उठली. मला वाटलं, थुंकून जाईल तोंडावर. थुंकली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं. ती ह्यांच्याकडं वळली आणि म्हणाली, "चला भाऊजी." ह्यांनी मुक्ताला माझ्या मांडीत ठेवलं आणि तिच्या मागून निघाले. आईकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा.

आत्याबाई दगडासारख्या बसल्या होत्या. ओठ न हलवता म्हणाल्या, "घरात बोलली असतीस."

"घरात बोलले. तीनदा."

समोर बायांची रांग तशीच होती. कुणी जाईना आणि कुणी पुढं येईना. शेवटी वरच्या आळीची एक तरणी बाई पुढं सरकली. अंगानं भरलेली, हातानं धडधाकट. आत्याबाईंपुढं हात धरून म्हणाली, "भरा. आणि मावशी, सासूबाईंचे गुडघे, बोटं लई धरत्यात. ती बाटली द्या की."

आत्याबाईंनी बाटली उचलली. माझ्या मनात आलं, आता या माझ्याकडं बघून देणार, माझी जिरवायला देणार.

बाटली त्यांनी पुढं केली, पण सोडली नाही. बाईनं ओढली तरी सोडली नाही.

"डॉक्टरला दावलंय का सासूला?"

"न्हाई बा."

"मग आधी दावून ये." बाटली त्यांनी मागं, टोपलीआड ठेवून दिली. "ठणक्याला चोळायला देईन मग. गोळ्या सोडून चोळायला न्हाई द्यायची. ऐकलं का गं सगळ्याजणींनी? न्हाई द्यायची!"

शेवटचा शब्द इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या भांड्यांच्या पालावरचे लोक वळून बघायला लागले. त्यांचा आवाज फाटला होता. मग त्यांनी त्या बाईचा पंजा ओढून घेतला आणि डाव्या हातानं बांगड्यांचा दुसरा गठ्ठा माझ्यापुढं सारला. मोठ्या मापाचा.

माझ्याकडं त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही, पुढं आठ दिवस बघितलं नाही. मी माफी मागावी अशी त्यांची इच्छा होती, ती त्यांनी शेजारणींकडून चार वेळा कळवली. मी मागितली नाही. पण शेवंताक्काची मागितली. तिच्या अंगणात जाऊन, वाडीच्या लोकांसमोर मागितली. तिनं मला दारातूनच परत पाठवलं. दिवाळीला परत गेले, तेव्हाही पाठवलं. संक्रांतीला गेले तेव्हा ती गाईची धार काढत होती. दोन बोटं वाकडी, बाकी आठांनी. मान वर न करता म्हणाली, "बस तिथं. दूध घेऊन जा पोरीला."